उशिरा आलेल्याचा राग

पोळा होऊन आठ-दहा दिवस झाले, की यवतमाळहून बाभुळगावकडे जाणाऱ्या बसमध्ये मी खिडकीची काच ओढून घेते. एवढ्या उकाड्यात! शेजारची बाई हमखास म्हणते, "मॅडम, जराशी उघडा न, जीव गुदमरून राह्यला." मी ऐकत नाही. परवा एकीने माझ्या अंगावरून हात घालून काच सरळ मागे सारली, आणि तो आत आलाच. औषधाचा वास. दोन्हीकडच्या वावरांत कपाशीची पऱ्हाटी छातीपर्यंत वाढलेली, पाठीवर पंप बांधलेली माणसं तिच्या ओळींमधून चाललेली, आणि गोडसर, नाकाच्या मुळाशी चिकटून बसणारा तो वास. किडी मारायच्या विषाला आमच्याकडे सगळे औषधच म्हणतात. मीही म्हणते.

तो वास आला की माझा श्वास नाकात अडकतो आणि मग एकदम जोरात बाहेर पडतो. त्या बाईने दचकून विचारलं, "सर्दी झाली का व?" मी म्हटलं, "नाही, राग आला." ती जरा सरकून बसली. मला हसू आलं, पण तिला काय आणि किती सांगणार? अशा श्वासासाठी एक ग्रीक क्रियापद आहे, आणि त्या क्रियापदामुळे माझी सख्खी बहीण दोन वर्षं माझ्याशी बोलली नाही, असं धावत्या बसमध्ये सांगता येतं का कोणाला?

क्रियापद आहे 'एम्ब्रिमाओमाय'. घाबरू नका, मलाही ते उच्चारायला महिना लागला होता. मी काही ग्रीक शिकलेली नाही. पस्तीस वर्षं शाळेत मराठी शिकवलं, पोरांचे कान पिळले आणि निवृत्त झाले. ग्रीक येतं ते भास्करकाकांना. आमच्या चर्चचे जुने पाळक, वय ऐंशीच्या पुढे, हातात कायम भिंग. त्यांनी निवृत्तीनंतर एक काम काढलं. शुभवर्तमान वऱ्हाडीत सांगायचं आणि ध्वनिमुद्रित करायचं. ज्यांना वाचता येत नाही, त्यांना आपल्या घरच्या बोलीत ऐकता यावं म्हणून. ग्रीक काकांचं, वऱ्हाडी माझी, आणि जीप चालवायला, चिठ्ठ्या लिहायला विलास नावाचा एक तिशीतला माणूस.

कामाची रीत साधी होती. एक प्रसंग वऱ्हाडीत तयार करायचा. मग ज्याने तो कधीच ऐकलेला नाही, अशा माणसाकडे जायचं. त्याला दोनदा वाचून दाखवायचा आणि म्हणायचं, आता तुम्ही सांगा. तो सांगत असताना आपण मधे बोलायचं नाही, आठवण करून द्यायची नाही, मानही हलवायची नाही. त्याने जे सांगितलं ते चिठ्ठीवर उतरवायचं. त्याने गाळलं ते आपलं चुकलं, असं समजायचं. एका प्रसंगाला तीन माणसं. तिघांना कळलं तरच तो पक्का.

यात फोन फार त्रास द्यायचे. म्हातारा रंगात येऊन सांगतोय आणि विलासच्या खिशात कुठलंसं गाणं वाजतंय! मी शाळामास्तरीण. मी एक थैली शिवली. जुन्या निळ्या पडद्याचं कापड, तोंडाला नाडी. बैठक सुरू झाली की सगळ्यांचे फोन आवाज बंद करून थैलीत, थैली खुंटीवर. नियम माझा आणि पाळून घेणारीही मीच. काकांनी एकदा फोन मांडीखाली दडवला होता, तर त्यांनाही मी सोडलं नव्हतं.

तीन वर्षांपूर्वी याच दिवसांत आम्ही येशूच्या मित्राच्या मरणाच्या प्रसंगापाशी पोचलो. दोन बहिणींचा भाऊ आजारी पडतो. त्या येशूला निरोप धाडतात. तो निरोप मिळूनही दोन दिवस आहे तिथेच थांबतो. पोचतो तेव्हा भावाला थडग्यात ठेवून चार दिवस झालेले. दोघी बहिणी एकामागून एक येऊन त्याला तेच सांगतात, तू इथे असतास तर आमचा भाऊ मेला नसता. लोक रडतायत, बहीण रडतेय, आणि तिथे ते क्रियापद येतं. दोनदा येतं.

पुष्कळ ठिकाणी ते मऊ करून टाकलंय. तो व्याकूळ झाला, तो कळवळला, वगैरे. काका म्हणाले, "सरोज, हे मऊ नाही. जुन्या ग्रीकमध्ये हे घोड्याचं क्रियापद आहे. घोडा नाकपुड्या फुगवून फुरफुरतो ना, ते. माणसाला लावलं तर दरडावणं, संतापणं. आंधळ्यांना बरं करून 'कोणाला सांगू नका' असं येशू दरडावतो, तिथेही हेच आहे. एका बाईनं महागडं अत्तर त्याच्या डोक्यावर ओतलं म्हणून लोक तिच्यावर भडकले, तिथेही हेच." आणि मग काकांनी करून दाखवलं. त्यांच्या लहानपणी चर्चच्या आवारात टांग्याचा घोडा होता म्हणे. ऐंशी वर्षांच्या माणसाने मान झटकून नाकातून असा काही आवाज काढला, की विलास पेन टाकून हसत सुटला.

मी हसले नाही. मला ते पटतच नव्हतं. "काका, मयताच्या घरी जाऊन कोणी चिडतं का? रीत आहे का काही? गहिवरला म्हणा. सोपं आहे, चांगलं आहे, बायांना पटकन कळतं."

"आणि राग?"

"राग काढा."

"तो मी घातलेला नाही, मी कसा काढू?" काका म्हणाले. तरी शेवटी मी हटून बसले आणि पहिल्या बैठकीसाठी 'गहिवरला' असंच लिहिलं. ती बैठक बाभुळगावच्या पुढच्या एका तांड्यावर होती. तिथून माझ्या बहिणीचं, निमीचं गाव जीपने पंधरा मिनिटं.

निमी माझ्याहून सात वर्षांनी लहान. लहानपणी रविवारच्या शाळेत प्रत्येकाला एक वचन पाठ म्हणावं लागायचं, मग गोळी मिळायची. मी लांबलचक वचनं घोकून जायची. निमी दर रविवारी एकच म्हणायची. शास्त्रातलं सगळ्यात छोटं वचन, दोन शब्दांचं, 'येशू रडला' एवढंच. म्हणायची, हात पुढे करायची, गोळी तोंडात. तिला मोठं काही पाठच व्हायचं नाही. पुढे तिचं लग्न प्रभाकरशी झालं. पाच एकर वावर, मनाने सरळ माणूस, मला 'ताई' म्हणताना मान खाली घालणारा.

त्या वर्षी पोळ्याला त्यांच्याकडे गेले होते तेव्हा मी प्रभाकरसाठी फवारणीचे हातमोजे, चष्मा आणि तोंडाचा मुखवटा घेऊन गेले होते. चांगले, जाड. उघड्या अंगाने फवारताना त्याला मी आदल्या वर्षी बघितलं होतं आणि भर वावरात झापलं होतं. त्याने ते दोन्ही हातांनी घेतले, उलटसुलट पाहिले. "एवढे महागाचे कायले आनले ताई?" म्हणाला. मी म्हटलं, "घालायला आणले." तो म्हणाला, "हाव."

तांड्यावरची बैठक सकाळी साडेदहाला सुरू झाली. ऐकणारे एक बाबा होते, पांढऱ्या मिशांचे, फार जीव लावून ऐकणारे. दोनदा वाचून झालं. बाबा सांगायला लागले. आणि खुंटीवरची थैली थरथरली.

भिंतीवर पत्र्याचा डबा टांगलेला होता, थैली त्याला लागून होती, म्हणून घुर्र घुर्र असा आवाज. थांबली. पुन्हा सुरू झाली. बाबांनी थैलीकडे पाहिलं. विलास हळूच म्हणाला, "ताई, थैली वाजून राह्यली." मी त्याच्याकडे डोळे वटारले. ती पुन्हा थांबली, पुन्हा थरथरली. "ताई, अर्जंट असन कोनाचं तरी," विलास म्हणाला. आणि मी, वर्गात म्हणायची तशी, बोट उचलून म्हणाले, "नियम म्हणजे नियम."

बाबांनी सांगून संपवलं. 'त्याले वाईट वाटलं' एवढंच म्हणाले. मला बरं वाटलं. पाहा काका, कळलं ना, असं मी डोळ्यांनी म्हटलंसुद्धा. मग चहा झाला. मग बाबांच्या सुनेने भाजलेले शेंगदाणे आणले. जीप समोर लिंबाखाली उभी होती. थैली उघडली तेव्हा एक वाजायला आला होता. फोन माझाच. निमीचे सतरा फोन.

तिला माहीत होतं मी कुठे आहे ते. जीप आहे हेही माहीत होतं. प्रभाकर साडेदहाच्या सुमाराला वावराच्या बांधावर, धुऱ्यावर कोसळला. वारा उलटा होता, सगळं अंगावर येत होतं. तोंडातून लाळ, घामाने ओला, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या. निमीने शेजारच्या कौसल्याबाईला हाक मारली. कौसल्याबाईने त्याचं डोकं मांडीवर घेतलं आणि निमी मला फोन लावत राहिली. जीप पंधरा मिनिटांत आली असती. गावातली एक मोटार लग्नाला गेलेली, दुसरी बिघडलेली. शेवटी साडेबाराला एक ट्रॅक्टर मिळाला. मी फोन लावला तेव्हा ते ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत रस्त्यावर होते. निमीला बोलताच येत नव्हतं. मागे इंजिनाचा आवाज आणि तिचं "ताई, ताई" एवढंच.

आम्ही त्यांना वाटेत गाठलं आणि जीपमध्ये घेतलं. यवतमाळला नेलं. तीन दिवस तो जगला. तीन दिवस मी दवाखान्याच्या त्या लांब व्हरांड्यात उभी होते, इंजेक्शनं आणत होते, नर्सशी भांडत होते, प्रभाकरच्या मोठ्या भावाशी भांडत होते. निमी बाकावर बसून असायची. मी तिच्याजवळ एकदाही बसले नाही. बसले असते तर तिने विचारलं असतं. दुसऱ्या दिवशी तिने विचारलंच. "ताई, तुले फोन ऐकू नाही आला का?"

मी म्हटलं, "थैलीत होता गं. आवाज बंद असतो."

यात खोटं काहीच नव्हतं. असं उत्तर जमवायला मास्तरीणच लागते. निमी म्हणाली, "हाव, तुमचा नियम असते." आणि तिने मान वळवली. चौथ्या दिवशी पहाटे प्रभाकर गेला. डॉक्टर म्हणाले, आधी आणलं असतं तर कदाचित. त्यांनी साधंच म्हटलं, आवाजही चढवला नाही.

दफनाच्या आधी, त्याला घालायला रविवारचा सदरा काढावा म्हणून निमीने मला पेटी उघडायला सांगितली. सदऱ्याच्या वर, जुन्या धोतराच्या फडक्यात बांधून, हातमोजे होते. चष्मा होता. मुखवटा होता. किमतीची चिठ्ठीसुद्धा काढलेली नव्हती. नवी वस्तू आमच्याकडे लगेच वापरत नाहीत. साडी असो, कप असो, पोराची चप्पल असो, जपून ठेवायची. चांगल्या दिवशी काढायची. प्रभाकरने फवारणीचे हातमोजे चांगल्या दिवसासाठी ठेवले होते.

दफनभूमीत माझं जे झालं ते अजून लोक सांगतात. आमच्यात प्रत्येकाने मूठभर माती टाकायची असते. माझी पाळी आली. मी वाकले, माती उचलली, आणि टाकायच्या ऐवजी ओरडले. मेलेल्या माणसावर! "तुले सांगितलं होतं ना रे! घालायले आनले होते ना! पेटीत कायले ठेवले?" माझा श्वास मलाच ऐकू येत होता, नाकातून, जोरजोरात. मग मी प्रभाकरच्या भावावर ओरडले, खड्डा वाकडा खणला म्हणून माणसांवर ओरडले, प्रार्थना लांबवली म्हणून पाळकांवर ओरडले. डोळ्यांत टिपूस नाही. भास्करकाका तिथेच काठी टेकून उभे होते. ते माझ्याकडे बघत राहिले.

निमी पुढे आली. तिचा चेहरा कोरडा होता. म्हणाली, "ताई, तू फोन उचलला असता तं हे मेले नसते." आणि मग, "आता घरी जा." बस. त्यानंतर दोन वर्षं ती माझ्याशी एक शब्द बोलली नाही. मी गेले की पाणी द्यायची, चहा द्यायची, आणि वावरात निघून जायची. नाताळला गेले, तेव्हाही तसंच. बहीण घरात आणि घर गप्प! भांडली असती तर मी सात पिढ्यांचं काढून भांडले असते. मला भांडता येतं. पण गप्प माणसापुढे काय करायचं ते मला कोणी शिकवलंच नव्हतं.

रात्री-अपरात्री नाही, चांगल्या भर दुपारी, भाजी निवडताना, मला ती थैली थरथरताना ऐकू यायची. मग मी त्या प्रसंगाकडे जायची. येशूलाही निरोप मिळाला होता. तोही थांबला. का थांबला याची कारणं मोठमोठी पुस्तकं देतात, आणि मी ती वाचलीही. पण मला त्यात आपल्या कामाचं काही सापडेना. त्याने मेलेल्या मित्राला थडग्यातून बाहेर बोलावलं आणि तो जिवंत होऊन आला. माझ्याकडे तसलं काही नव्हतं. माझ्याकडे होती फक्त मधली जागा, पोचल्यावर बहिणी तोंडावर बोलतात ती. एकदा काकांना मी विचारलं, "तो कोणावर चिडला होता?" काका म्हणाले, "ते लिहिलेलं नाही. मरणावर म्हणतात कोणी. लोकांच्या अविश्वासावर म्हणतात. पण दुसऱ्यांदा ते क्रियापद येतं ना, थडग्यापाशी, तिथे 'आपल्या आत' असं आहे." मग त्यांनी भिंग खाली ठेवलं. "तुझं 'गहिवरला' मी खोडलंय, सरोज. जागा रिकामी ठेवलीय. तू सांगशील तेव्हा भरू."

मागच्या वर्षी, याच दिवसांत, काकांनी निरोप पाठवला. बाकी सगळं ध्वनिमुद्रित झालंय, तेवढीच जागा राहिलीय. विलासने ऐकणारी शेवटची बाई शोधून ठेवली होती. कौसल्याबाई. ती बौद्ध, पौर्णिमेला विहारात वंदना म्हणणारी, आमच्या शास्त्रातलं तिने काहीच ऐकलेलं नव्हतं. माणूस अगदी रीतीप्रमाणे बरोबर. फक्त तिचं अंगण निमीच्या अंगणाला लागून, मधे तुऱ्हाट्यांचं कुंपण. मी विलासला म्हटलं, "दुसरं कोणी नाही मिळालं तुला सबंध तालुक्यात?" तो म्हणाला, "ताई, तुमाले नसन याचं तं नका येऊ. मी न् काका जाऊन येतो." त्याचा तो शांतपणा मला झोंबला. मी गेले.

थैली मी नेली नव्हती. ती केव्हाच चुलीत घातली होती. काकांनी मात्र रीतीप्रमाणे सगळ्यांचे फोन मागितले आणि समोर चटईवर उताणे ठेवले, आवाज चालू ठेवून. कुंपणापलीकडे निमी भांडी घासत होती. राखेने घासण्याचा खरखर आवाज आणि मधूनमधून पातेल्याचा ठणका. तिला आमची जीप दिसली असणारच. कौसल्याबाई पदर सावरून समोर बसली. विलासने वाचायला सुरुवात केली. रिकाम्या जागेवर काकांनी त्याला एवढंच वाचायला सांगितलं होतं, 'त्याचा श्वास नाकातून जोरानं सुटला'. काय वाटलं ते नाही, नुसता श्वास.

वाचन बहिणींच्या बोलण्यापाशी आलं, तू इथे असतास तर, आणि कुंपणापलीकडची खरखर थांबली. विलासने एकदा वाचलं. दुसऱ्यांदा वाचलं. प्रसंग थडग्यापाशी संपत होता, पुढचा भाग पुढच्या बैठकीला. पलीकडून काहीच आवाज नव्हता. उठून गेली असेल, असं मी स्वतःला सांगितलं.

"आता तुमी सांगा, बाई," विलास म्हणाला.

कौसल्याबाई सांगायला लागली. "दोघी बहिनी होत्या. भाऊ बिमार पडला. त्याईनं ह्या मानसाले निरोप धाडला, का बाप्पा लवकर ये. अन् हा नाही आला. मंग भाऊ मेला. चार दिवसानं आला हा. मंग बहीन बोलली त्याले तोंडावर. बोलनच! म्हने तू असता तं मेला नसता. मंग..." ती थांबली. "मंग त्याचा श्वास असा सुटला, नाकातून. बैल अडला न् कोनी मारलं तं सोडते न तसा. राग आला असन त्याले."

रीत अशी की मधे बोलायचं नाही. रीत मी घालून दिलेली. आणि मीच बोलले. "कोणाचा राग, बाई?"

काकांनी चमकून माझ्याकडे पाहिलं. कौसल्याबाई माझ्याकडे असं बघायला लागली, की एवढं शिकलेली बाई असलं काय विचारून राह्यली. "कोनाचा म्हंजे? उशीर झाला त्याचा. टायमावर नाही पोचला मानूस, तं दुसऱ्या कोनावर राग काढन तो? काढते मंग, जो समोर दिसन त्याच्यावर काढते. पन असते आपलाच." तिने दोन वर्षांपूर्वी त्याच धुऱ्यावर दोन तास प्रभाकरचं डोकं मांडीवर धरलं होतं. "मी पाह्यलं न तुमाले मातीच्या दिवशी," ती हळू म्हणाली.

मी खाली चटईकडे बघत होते. चार फोन उताणे पडलेले. आणि कुंपणापलीकडून आवाज आला. "मंग तो रडला का नाही?"

निमीचा आवाज. दोन वर्षांनी. तिला ठाऊक होतं. जगात एवढं एकच वचन तिला पाठ होतं, आणि ते याच प्रसंगातलं.

"रडला," मी म्हणाले.

"कोठी?"

"तिथंच. बहिणींपुढे."

तुऱ्हाट्यांच्या फटींतून तिच्या लुगड्याचा हिरवा रंग दिसत होता. ती उभीच होती. मग म्हणाली, "मंग तू काहून नाही रडली माह्यापुढे?"

मी उठले. कुंपणाला वळसा घालून जायला रस्त्यापर्यंत जावं लागतं, पंचवीस-तीस पावलं असतील. तेवढ्या पावलांत मी काय काय जुळवलं असेल! मास्तरणीला उत्तरांची काय वाण? तिच्यासमोर पोचले तेव्हा त्यातलं एकही आठवेना. तिचे हात कोपरापर्यंत राखेने भरलेले. तिच्या नाकपुड्या फुगलेल्या.

"निमे, मी थैली वाजताना ऐकली होती," मी म्हणाले. "आवाज येत होता. विलासने दोनदा सांगितलं. मी म्हटलं, नियम म्हणजे नियम."

एवढं बोलले आणि मी तिच्या भांड्यांच्या मधे, राखेच्या पाण्यात बसकण मारली आणि मला जे रडू फुटलं ते मला आवरेना. तोंडाने, नाकाने, कसंही. वयाच्या बासष्टाव्या वर्षी, अंगणात, शेजारपाजारच्यांना ऐकू जाईल असं. लाज वाटली नाही. मला फक्त प्रभाकर दिसत होता, दोन्ही हातांनी ते हातमोजे उलटसुलट बघणारा.

निमी हलली नाही. तिचा श्वास मला वरून ऐकू येत होता, जड. वाटलं, आता म्हणेल, घरी जा.

"मले माहीत हाये," ती म्हणाली.

मी वर पाहिलं.

"विलासनं तेव्हाच सांगतलं मले. दवाखान्यातच. मी तुले त्याच्यानंच विचारलं व्हतं, ऐकू आला का म्हनून." तिचा आवाज फुटला. "दोन वर्सं वाट पाहून राह्यली व मी. आज सांगन, उद्या सांगन. चहा पेऊन निघून जाय तू. तुले काहीच नाही वाटत का माह्या मानसाचं, असं वाटे मले."

मग ती खाली बसली. राखेच्या हातांनी तिने माझं तोंड धरलं आणि ती माझ्यावर ओरडली, मनसोक्त, दोन वर्षांचं साचलेलं सगळं. काय काय म्हणाली ते मी इथे लिहिणार नाही. ते माझं आहे. मी तिथेच बसून शेवटपर्यंत ऐकलं, एकदाही मधे बोलले नाही. पलीकडे कौसल्याबाई विलासला विचारत होती, "मंग पुढं काय झालं त्या भावाचं?" आणि काका म्हणत होते, "पुढच्या खेपेला, बाई, पुढच्या खेपेला."

ध्वनिमुद्रणात त्या जागी आम्ही कौसल्याबाईचंच वाक्य घातलं. श्वास सुटला, राग आला त्याले. कोणाचा ते लिहिलं नाही, मुळातही नाही. आणि त्यानंतर लगेच, ते दोन शब्दांचं छोटं वचन.

यंदा निमीने वावर बटईने न देता स्वतः करायला घेतलंय. फवारायला माणसं लावते. त्यांना हातमोजे, चष्मा, मुखवटा घातल्याशिवाय पंपाला हात लावू देत नाही. एकाने नवे म्हणून खिशात ठेवले तर धुऱ्यावरून अशी ओरडली, की तीन वावरं पलीकडली माणसं उभी राहिली. प्रभाकरचे हातमोजे तिनेच पहिल्यांदा घातले. तिला मोठे होतात.

आणि फवारणीचे दिवस आले की ती मला रोज सकाळी साडेदहाला फोन करते. काम काही नसतं. मी फक्त उचलायचा. परवा बसमध्ये त्या बाईने काच उघडली, वास आत आला, माझा श्वास सुटला, आणि तेवढ्यात पिशवीत फोन वाजला. पिशवीत छत्री, पेरू, चष्म्याचं घर, सगळं उपसून मी तो काढला. तिसरी घंटी झाली होती.

"काहून व, एवढा टाइम लागते का?" निमी ओरडली. अख्ख्या बसला ऐकू गेलं.

"चुकलं गं," मी म्हटलं. "उतरतेच आहे."